सोमवती अमावस्या, देवबागची बोट आणि तिथीची पाऊण : एका अर्ध्या दिवसाच्या सफरीचं प्रकरण

३० डिसेंबर २०२४. सोमवार होता आणि सोमवती अमावस्या होती, हे आधीच सांगून ठेवते कारण पुढचं सगळं तिथेच येऊन थांबतं. आम्ही पाच जण, मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी, चौदा वर्षांचा भाचा आणि माझी आई, वय ६३, बीपीची गोळी चालू. आदल्या दिवशी कोल्हापूरहून फोंडा घाट उतरून मालवणजवळच्या देवबागला पोचलो, रात्री वहिनींच्या हातचं बांगड्याचं तिखलं जेवलो आणि तिथेच ओळखीने दुसऱ्या दिवशीची बोट ठरली. डॉल्फिन, संगम, त्सुनामी बेट आणि शेवटी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं), माणशी बाराशे, सकाळी ९ ते १. मालवणात सीझनला किती लोक हेच पॅकेज घेतात, बहुतेकांचं छान होतं, आमचं नाही झालं. कुणाला मोठं काही झालं नाही, सगळे सुखरूप आहेत, पण मुलगी त्यानंतर पाण्याचं नाव काढलं की गप्प व्हायची आणि मला ते सहन होत नव्हतं. म्हणून मी त्या चार तासांचा एकेक धागा काढून बघितला, नंतर फेब्रुवारीत परत जाऊन बघितला, आणि ते सगळं इथे लिहितेय.

सकाळी आम्ही पावणेनऊलाच धक्क्यावर. कर्ली नदी तिथे इतकी शांत होती की समोरच्या माडांची झावळं पाण्यात जशीच्या तशी दिसत होती. आई म्हणाली, अमावस्येला समुद्रात कशाला गं, दुसऱ्या दिवशी जाऊया की. मी म्हटलं आई आता असं काही नसतं, आणि विषय तिथेच संपवला. बोटवाल्याने सांगितलं अजून एक फॅमिली यायची आहे, पाच मिनिटं. ती पाच मिनिटं म्हणजे सव्वा तास झाला, बोट सुटली दहा वीसला. तेव्हा मला वाटलं एवढंच ना, एक तास उशीर, १ च्या ऐवजी २ ला परत येऊ.

डॉल्फिन दिसले, ते पटकन सांगते. भोगवे गावासमोर तीन-चार पाठी वर आल्या, पाठीवर उंचवटा असलेले हे हंपबॅक डॉल्फिन आपल्या किनाऱ्याच्या उथळ पाण्यातच राहतात, नदीच्या मुखाशी मासे भरपूर मिळतात म्हणून तिथेच फिरतात. पण आमच्यासकट पाच बोटी त्यांच्याकडे धावल्या आणि दोन मिनिटांत ते गेले. इंजिन बंद करून लांब थांबलो असतो तर परत वर आले असते असं मला आता वाटतं.

मग त्सुनामी बेट. खरं तर कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे गाळ आणि वाळू साचून तयार झालेला तो दांडा आहे, २००४ च्या त्सुनामीत वर आला असं गावात सांगतात. आम्ही पोचलो तेव्हा साडेअकरा झालेले आणि भाच्याने विचारलं मावशी बेट कुठाय? कारण बेट पाण्याखाली होतं. टपऱ्यांचे बांबू पाण्यात उभे, लोक गुडघाभर पाण्यात उभं राहून भजी खातायत, जेटस्की आजूबाजूने घुमतायत. आईला उतरताच येईना, ती बोटीतच बसली, आणि इंजिनाचा धूर आणि हलणं, तिला तिथूनच मळमळायला लागलं. तिथे आम्ही चाळीस मिनिटं घालवली, उरलेल्यांचं बनाना राइड संपेपर्यंत.

तिथून किल्ला समुद्रातून नऊ-दहा किलोमीटर. संगमातून बाहेर पडलो आणि वारा लागला. सकाळचं ताटातलं पाणी कुठे गेलं कळेना, बारीक बारीक उभ्या लाटा, बोट प्रत्येकीवर आपटत चाललेली, तुषार अंगावर. आईने एका हाताने काठ आणि दुसऱ्या हाताने मुलीला धरलेलं. पाऊण वाजता किल्ल्याच्या मागच्या बाजूला पोचलो.

आता मुख्य प्रसंग, तो जरा सावकाश सांगते. बोटीत मास्कची एक जाळीची पिशवी होती, त्यातून ज्याच्या हाताला जो आला तो त्याने घातला. मुलीला मोठ्या माणसाचाच मास्क, पट्टा ओढून घट्ट केलेला. लाइफ जॅकेट तिला सैल होतं, आणि पायांमधून जाणारा पट्टा त्याला नव्हताच. हे मी बघितलं होतं आणि मला वाटलं पाण्यात तरंगायलाच आहे ना, चालेल. गाइडने बोटीवर एका मिनिटात सगळं सांगितलं, नाकाने श्वास घ्यायचा नाही, तोंडाने घ्या, नळी चावून धरा, अंगठा वर म्हणजे ओके, चला. आणि मुलगी आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने श्वास घ्यायला शिकणार होती ते थेट समुद्रात, खाली अडीच-तीन मीटर पाणी, वर लाटा.

ती उतरली आणि जॅकेट वर सरकून तिच्या कानापर्यंत आलं. त्याच्या कडेने मास्क ढकलला गेला, पाणी आत शिरलं, ते नाकात गेलं, तिने नाकाने श्वास घ्यायचा प्रयत्न केला, मग तोंडातली नळी सुटली, आणि त्याच वेळी एक लाट तोंडावर. हे सगळं चार-पाच सेकंदांत झालं. ती ओरडली नाही, पाण्यात घाबरलेलं मूल ओरडत नाही, हे मी त्या दिवशी बघितलं, ती फक्त हात वर करून मान मागे टाकून तोंड उघडं ठेवून राहिली. तिचा बाबा दीड मीटरवर होता पण त्याच्या मास्कमध्येही पाणी येत होतं, मिशांमुळे रबर नीट बसत नाही हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि पाण्याची ओढ तिला बोटीपासून लांब नेत होती. गाइड दुसऱ्या फॅमिलीचा व्हिडिओ काढत होता. त्याने वर बघितलं तेव्हा लगेच आला, तिला रिंगवर घेतलं, हे मी त्याच्या बाजूने नक्की सांगेन, हात चांगला होता त्याचा. पण तोपर्यंत तिने पाय खाली टेकायला म्हणून एका खडकावर गुडघा घासला होता. खडकाला कालवं लागलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. गुडघ्यावर तीन सरळ चिरा, फार खोल नाहीत पण खाऱ्या पाण्यात झोंबल्या, आणि वर आल्यावर ती रडली ते त्यासाठी नव्हे हे मला कळत होतं.

भाचा वीस मिनिटं पाण्यात होता. त्याला विचारलं काय दिसलं, तो म्हणाला सगळं हिरवं हिरवं, धूर असल्यासारखं, आणि ब्रेडच्या भोवती मासे. गाइडकडे प्लास्टिकच्या बाटलीत ब्रेडचा चुरा होता, तो सोडला की काळ्या पट्ट्यांचे मासे झुंडीने येतात, व्हिडिओ चांगला येतो.

परतीचा प्रवास सर्वात वाईट. दोन वाजता संगमाच्या मुखाशी आलो तर तिथे लाटा फुटत होत्या, सकाळी जिथून सरळ बाहेर पडलो तिथेच. नदीचं पाणी जोरात बाहेर येतंय आणि वारा समुद्राकडून आत ढकलतोय, दोन्ही एकमेकांवर. बोटवाल्याने दोनदा बोट मागे घेतली, लाटांची एक रांग जाऊ दिली, मग एका दमात आत घातली. तो कसलेला माणूस होता. पण आई डोळे मिटून बसली होती आणि मी मनात मोजत होते जॅकेट कुणाचं बांधलेलं आहे आणि कुणाचं नुसतं अडकवलेलं. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता, ती बातमी मला नेमकी त्या क्षणी आठवली.

आता कारणं. मी सुरुवातीला सगळा दोष मास्कला दिला, मग गाइडला. पण जसजशी विचारत गेले तसतसं दिसायला लागलं की मास्क, जॅकेट हे शेवटचे दुवे आहेत, साखळी सकाळीच सुरू झाली होती.

एक वारा. कोकणात हिवाळ्यात पहाटे आणि सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्याला मतलई म्हणतात, आणि तो किनाऱ्याजवळचं पाणी सपाट ठेवतो. उन्हाने जमीन तापली की साधारण अकरा-बारानंतर उलटा खारा वारा सुटतो आणि दुपारभर वाढत जातो. म्हणजे आमचा सव्वा तासाचा उशीर हा घड्याळातला सव्वा तास नव्हता, तो मतलई आणि खाऱ्या वाऱ्यामधला फरक होता.

दुसरं भरती-ओहोटी, आणि इथे आई बरोबर होती, तिचं कारण वेगळं असेल पण म्हणणं बरोबर होतं. अमावस्या आणि पौर्णिमेला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, पाणी सर्वात जास्त चढतं आणि सर्वात जास्त उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास हा फरक सर्वात कमी, त्याला भांग म्हणतात. उधाणात तेवढ्याच सहा तासांत जास्त पाणी आत-बाहेर करतं म्हणजे ओढही जास्त. आमच्या दिवशी पूर्ण भरती सव्वाअकराच्या सुमारास होती. म्हणून बेट बुडालेलं. म्हणून पाऊण-एक वाजता ओहोटी लागून दीड तास झालेला, खाड्यांचं गढूळ पाणी बाहेर यायला लागलेलं, म्हणून भाच्याला हिरवा धूर. आणि म्हणून दोन वाजता संगमाच्या मुखाशी जोराची ओहोटी विरुद्ध खारा वारा. तीन ठिकाणी तीन वेगळी वाटणारी दुखणी, कारण एकच. बेट बघायला ओहोटी हवी, स्नॉर्कलिंगला भरतीचं थांबलेलं पाणी आणि सकाळ हवी, आणि आमचा क्रम बरोबर उलटा होता.

हा क्रम मुद्दाम कुणी वाईट हेतूने लावलेला नाही. देवबागहून बोट सुटते म्हणून आधी जवळचं, मग लांबचं, एवढंच. पण समुद्राचा क्रम रोज बदलतो आणि पॅकेजचा रोज तोच राहतो, माझं म्हणणं फक्त एवढं आहे.

हे मला कळलं कसं तर दुसऱ्या दिवशी मालवणच्या धक्क्यावर. किल्ला बघायला गेलो होतो, तिथे जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या बोटवाल्या तात्यांशी आईने गप्पा काढल्या. सगळं ऐकून ते म्हणाले, "गे बाय, तिथीची पाऊण कर मां." मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी बोटांवर दाखवलं. जी तिथी असेल तिची पाऊणपट, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी, चाराची पाऊण तीन, तीन वाजता. अष्टमी, सहा वाजता. अमावस्या-पौर्णिमा पंधरा, पंधराची पाऊण सव्वाअकरा. तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण. थोडंफार इकडे तिकडे होतं, छापील भरतीच्या तक्त्यात नेमकी वेळ मिळते, पण कॅलेंडर भिंतीवर असेल तर हा हिशेब कुणालाही घरबसल्या येतो. मी मोबाइलवर रोज हवामान बघणारी बाई, आणि घरातल्या पंचांगात भरतीची वेळ लिहिलेली आहे हे मला चाळिशीत कळलं. आजोबा-पणजोबांपासून कोकणातल्या दर्यावर्दी माणसांना हे तोंडपाठ आहे, आणि ते माझ्यापर्यंत पोचलं याचा मला खरंच आनंद आहे.

तात्या म्हणाले, "पोराक परत घेऊन ये. एकादशीक ये. वारो सुटायच्या आधी पाण्यात."

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार, एकादशी. अकराची पाऊण सव्वाआठ. आम्ही चौघं, आई नव्हती. या वेळी मालवणच्याच धक्क्यावरून निघालो, सव्वासातला, फक्त आमची होडी. भांग नुकताच सरलेला, उधाणाला अजून वेळ, पाण्याला ओढ जवळजवळ नाही. पण पाण्यात उतरायच्या आधी तात्यांच्या मुलाने जे केलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याने होडी उथळ वाळूजवळ थांबवली आणि मुलीला कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं. आधी मास्क, पट्टा न लावता नुसता चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने हलकेच श्वास ओढायचा, हात सोडला तरी मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. तिसरा मास्क बसला, लहान मुलांचा होता. मग कपाळावरचे केस एक-एक करून रबराच्या बाहेर काढले, एक बट आत राहिली तरी तिथून पाणी येतं. काचेला आतून थुंकी लावून धुतली म्हणजे धुकं धरत नाही. जॅकेटचा पट्टा पायांमधून घेऊन बांधला, खांदे धरून वर ओढून बघितलं, हललं नाही.

मग तो म्हणाला आता फक्त उभी राहा, वाक आणि तोंड पाण्यात घाल. तिने घातलं आणि लगेच काढलं. परत. परत काढलं. पाचव्या-सहाव्या वेळी ती दहा सेकंद राहिली आणि नळीतून श्वासाचा आवाज यायला लागला, आधी भराभर, मग हळू, मग एकसारखा. मी तिच्या शेजारी पाण्यात उभी होते आणि तो आवाज ऐकत होते. मग मुद्दाम नळीत पाणी घेऊन जोरात फू करून बाहेर काढायचं, ते तिला आवडलं, तेच सहा वेळा केलं. एकूण पंधरा-वीस मिनिटं. डिसेंबरात हीच पंधरा मिनिटं नव्हती, आणि ती बनाना राइडला होती.

आठच्या जरा पुढे आम्ही किल्ल्याच्या मागच्या खडकांवर. ऊन अजून तिरकं होतं म्हणून सुरुवातीला रंग फिके वाटले, नऊनंतर पाणी उजळलं. तळ स्पष्ट दिसत होता, माझ्या अंदाजाने चारेक मीटर. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे ब्रेडशिवायही होतेच, ते त्यांच्या कामात, खडक चरत. एक गोबरा मासा फटीत तोंड बाहेर काढून बसलेला. पोपटमाशाने खडक चावला की कट्ट असा आवाज येतो, पाण्याखाली तो कानाशीच वाजल्यासारखा ऐकू येतो, मुलीने माझा हात दाबून दाखवला. आणि प्रवाळ, गोवऱ्या थापून ठेवल्यासारखे गोल तपकिरी, वर बारीक नक्षी. मी तोपर्यंत समजत होते प्रवाळ अंदमान-लक्षद्वीपला असतं.

हा सगळा भाग मालवण सागरी अभयारण्य आहे, १९८७ साली जाहीर झालेलं, क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि किल्ला आणि पद्मगडाच्या भोवतीचा पट्टा त्याचा गाभा आहे. महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं तेव्हा जागा निवडण्यात या बुडलेल्या खडकांचाही विचार होता, वाट माहीत नसलेल्या जहाजाला तटाजवळ येताच येत नाही. २०२५ च्या जुलैत हा किल्ला बाकीच्या अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेला. तट वारसा आहेच, पण त्या तटाची राखण करणारे खडक पाण्याखाली जिवंत आहेत, आणि गोवरीएवढं प्रवाळ वाढायला कित्येक वर्षं लागतात, वर्षाला एखादा सेंटीमीटर, कधी त्याहूनही कमी. डिसेंबरात माझ्या मुलीने घाबरून ज्यावर गुडघा टेकला तो असाच एखादा खडक असणार. तिची चूक नव्हती, पण शिकवल्याशिवाय माणसं पाण्यात सोडली की ती उभी राहायला काहीतरी शोधतातच, आणि तिथे खाली तेच असतं. म्हणजे पंधरा मिनिटांची तयारी ही मुलीसाठी होती तेवढीच प्रवाळासाठी पण होती. आणि ब्रेडचा चुरा बंद व्हायला हवा, हे मी बोटवाल्यांना तोंडावर सांगते आता. खडकावरचं शेवाळ खाऊन ते साफ ठेवणं हे त्या माशांचं काम आहे, ते ब्रेडच्या मागे लागले तर नुकसान त्याच खडकाचं.

साडेनऊला बाहेर आलो. मुलीच्या ओठांचा रंग जरा निळसर झालेला, टॉवेल गुंडाळला, गरम चहा दिला. अकरा वाजता तात्यांच्या मुलाने हाताने दाखवून सांगितलं तो बघा वारा, आणि खरंच लांब पाण्यावर एक काळसर रेघ दिसत होती, ती पुढे सरकत होती. ती किनाऱ्याला पोचेपर्यंत आम्ही गाडीत बसून देवबागच्या रस्त्याला लागलेलो. त्सुनामी बेट नदीच्या आतल्या बाजूनेच जाऊन बघितलं, संगमाच्या बाहेर गेलोच नाही, बारा वाजता. ओहोटी लागलेली, वाळूचा लांबलचक दांडा वर आलेला, मुलीने तिथे शिंपले गोळा केले.

खर्च डिसेंबरपेक्षा जास्त झाला, पूर्ण होडी आमचीच घेतली आणि दोन वेगळ्या बोटी झाल्या म्हणून. पण माझ्या मते किल्ल्याची बाजू मालवणहून आणि संगमाची बाजू देवबागहून अशी वेगळीच करावी, एका बोटीत सगळं कोंबू नये. पैसे कमी असतील तर एकच निवडा. आणि ज्याला मास्क लावून तुमच्या मुलाला उथळ पाण्यात उभं करायला वेळ नाही त्याच्याबरोबर खोल पाण्यात जाऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो.

मे अखेरपासून ऑगस्टपर्यंत सगळं बंद असतं. नंतर एक दिवस मी कॅलेंडर काढून बसले होते, मुलगी शेजारी, पाढा म्हणतात तसं पाऊण करत. १५ नोव्हेंबर २०२५, शनिवार आणि तिथी एकादशी. आईला फोन केला. ती म्हणाली पाण्यात नाही उतरणार, बोटीत बसेन, उपास असेल म्हणून राजगिऱ्याचे लाडू करून घेते, तात्यांसाठी पण.